वर्कस्पेसांची उतरंड

महापे एमआयडीसीतल्या आमच्या कार्यशाळेत भिवंडीच्या गोदामांसाठी माल वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्या तयार होतात. त्यांच्यावर चालणारे सॉफ्टवेअर रॉस २ (रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे रोबोटांच्या सॉफ्टवेअरची तयार चौकट) वर उभे आहे आणि ते एका जागी मावत नाही. सर्वांत खाली उबुंटू २२.०४ आणि त्यावर उबुंटूच्या एपीटी या इन्स्टॉलरने बसवलेली रॉसची हंबल ही आवृत्ती. तिच्या वर लायडार, मोटार कंट्रोलर आणि बॅटरी यांच्या ड्रायव्हरांचे वर्कस्पेस, म्हणजे एकत्र बांधायच्या पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांची) डिरेक्टरी. त्यावर मार्ग आखणाऱ्या नॅव्ह२ या संचातील आम्ही बदललेल्या मोजक्या पॅकेजांचे वर्कस्पेस. आणि सर्वांत वर आमचे स्वतःचे, रोज बदलणारे काम. तळाचे मडके सर्वांत मोठे आणि वर जावे तसतशी ती लहान होत जातात, अशी ही उतरंडच आहे. मधले मडके बदलायचे तर त्याच्या वरची आधी उतरवावी लागतात, हेही तिला लागू पडते.

‘काल चालत होते, आज चालत नाही’ अशा ज्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ कोडच्या ओळींत सापडत नाही. ते सापडते कोणत्या थरातले पॅकेज प्रत्यक्ष उत्तर देत आहे याविषयीच्या गैरसमजात. एक वर्कस्पेस बांधता येते, पण दुसरे त्यावर चढवले की अंदाजाने सोर्स करणे (सेटअप फाइलमधल्या आज्ञा चालू टर्मिनलमध्ये चालवणे) सुरू होते, अशा अवस्थेतल्या सहकाऱ्यांना मी जे वारंवार सांगते, ते येथे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

वर्कस्पेसवर वर्कस्पेस चढवले तरी डिस्कवरच्या फायलींना काहीही होत नाही. सगळे थर आपापल्या डिरेक्टरीत, एकमेकांना न शिवता पडून असतात. चढतात ते फक्त शेलच्या एन्व्हायर्न्मेंटमधले रस्ते. एखाद्या वर्कस्पेसची सेटअप फाइल सोर्स केली की अमेंट_प्रिफिक्स_पाथ, सीमेक_प्रिफिक्स_पाथ, पायथनपाथ, एलडी_लायब्ररी_पाथ आणि पाथ या व्हेरिएबलांच्या सुरुवातीला त्या वर्कस्पेसमधल्या जागा जोडल्या जातात. शेवटी सोर्स केलेला थर यादीत पहिला येतो आणि शोध पहिल्या सापडलेल्या जागेवर थांबतो. पॅकेज ओळखण्याची पद्धतही साधी आहे: प्रत्येक प्रिफिक्सखाली (म्हणजे पॅकेज बसवलेल्या डिरेक्टरीखाली) शेअर/अमेंट_इंडेक्स/रिसोर्स_इंडेक्स/पॅकेजेस या मार्गावर पॅकेजच्या नावाची एक छोटी, बहुधा रिकामीच, फाइल असते आणि ती जिथे प्रथम दिसेल तिथले पॅकेज खरे मानले जाते. ‘रॉस२ पीकेजी प्रिफिक्स’ ही आज्ञा हाच शोध घेऊन उत्तर देते, म्हणून कोणत्याही संशयाच्या वेळी लॉग चाळत बसण्याआधी ती चालवावी असे माझे मत आहे.

येथे बदलीचे एकक पॅकेज असते. वरच्या थरात एखाद्या पॅकेजातली एकच लाँच फाइल (प्रोग्रॅम सुरू करणारी फाइल) ठेवून खालच्या पॅकेजातल्या उरलेल्या फायली वापरता येतील, अशी अपेक्षा नवीन लोक ठेवतात. ती चुकीची आहे. नाव जुळले की खालचे संपूर्ण पॅकेज झाकले जाते, त्यातल्या पॅरामीटर फायली आणि नकाशे यांच्यासकट.

प्रत्येक वर्कस्पेसच्या इन्स्टॉल डिरेक्टरीत सेटअप.बॅश आणि लोकल_सेटअप.बॅश अशा दोन फायली तयार होतात आणि बराचसा गोंधळ या दोन नावांच्या साम्यातून होतो. लोकल_सेटअप फक्त त्या एका वर्कस्पेसची पॅकेजे रस्त्यावर आणते. सेटअप मात्र त्या वर्कस्पेसच्या खालचे सगळे थर क्रमाने आणते आणि शेवटी स्वतःला जोडते. मग सेटअपला खाली कोणते थर आहेत हे कुठून कळते? ही फाइल एडिटरमध्ये उघडून पाहावी. ती जेमतेम पानभर आहे. तिच्यात एकामागून एक पूर्ण पत्ते लिहिलेले असतात: आधी /ऑप्ट/रॉस/हंबल (एपीटीने बसवलेल्या रॉसची जागा), मग ड्रायव्हरांच्या वर्कस्पेसची इन्स्टॉल डिरेक्टरी, मग नॅव्ह२ ची, आणि प्रत्येक पत्त्यासाठी तिथली लोकल_सेटअप फाइल सोर्स करण्याची ओळ. हे पत्ते कोणी हाताने लिहिलेले नसतात. वर्कस्पेस बांधणाऱ्या कोलकॉन या साधनाची ‘कोलकॉन बिल्ड’ ही आज्ञा चालवली त्या क्षणी टर्मिनलमध्ये जे थर सोर्स केलेले होते, ते कोलकॉनने टिपून ठेवलेले असतात.

थरांचा क्रम चालवण्याच्या वेळी ठरतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो बिल्डच्या वेळी, त्या एका टर्मिनलच्या तेव्हाच्या अवस्थेवरून ठरतो आणि फाइलमध्ये गोठतो. शिवाय ही फाइल प्रत्येक बिल्डला नव्याने लिहिली जाते, मग त्या बिल्डमध्ये --पॅकेजेस-सिलेक्ट देऊन एकच लहानसे पॅकेज बांधले असले तरीही. म्हणजे सकाळी तीस पॅकेजे योग्य टर्मिनलमध्ये बांधली आणि दुपारी एक पॅकेज भलत्या टर्मिनलमध्ये बांधले, तर संपूर्ण वर्कस्पेसची खालची साखळी त्या दुपारच्या टर्मिनलप्रमाणे होते. आतली पॅकेजे मात्र सकाळच्याच थरांशी जोडून कंपाइल झालेली राहतात. एरर येत नाही, इशाराही येत नाही.

भिवंडीच्या एका गोदामातून आमच्या शिकाऊ अभियंत्याचा आलेला फोन याच प्रकारातला होता.

“मॅडम, पॅकेज बिल्ड झालंय, एकही एरर नाही, पण गाडी अजून जुन्यासारखीच वळतेय.”

“अरे, मग ते पॅकेज येतंय कुठून ते आधी बघ. प्रिफिक्स विचार त्याला.”

“विचारलं. माझ्या टर्मिनलवर तर बरोबर आपलाच वर्कस्पेस दाखवतंय.”

“तुझ्या टर्मिनलवर दाखवेलच. गाडी तुझ्या टर्मिनलमधून सुरू होते का?”

“नाही, ती बूट झाली की सर्व्हिसमधून आपोआप सुरू होते.”

“मग त्या सर्व्हिसच्या स्क्रिप्टमध्ये काय सोर्स केलंय, ते वाचून दाखव मला.”

त्या स्क्रिप्टमध्ये दोनच ओळी होत्या: पहिली /ऑप्ट/रॉस/हंबलची सेटअप.बॅश आणि दुसरी आमच्या सर्वांत वरच्या वर्कस्पेसची लोकल_सेटअप.बॅश. मधले दोन्ही थर गाळले गेले होते. ड्रायव्हरांचा थर नसल्याने गाडी सुरूच व्हायला नको होती, पण त्या गाडीवर ड्रायव्हर वेगळ्या सर्व्हिसमधून सुरू होत असल्याने ते लक्षात आले नाही. आणि नॅव्ह२ मधले आमचे बदललेले पॅकेज ज्या नावाचे, त्याच नावाचे मूळ पॅकेज /ऑप्टमध्येही असल्याने तेच निमूटपणे उचलले गेले. मधला थर पूर्ण नव्या नावाच्या पॅकेजांचा असता तर ‘पॅकेज सापडले नाही’ असा स्पष्ट एरर आला असता. झाकणाऱ्या थराची अडचण ही आहे की तो नाहीसा झाला तरी कोणी ओरडत नाही, कारण खाली त्याच नावाचे काहीतरी उभेच असते.

यावर आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला असा की .बॅशआरसी या, प्रत्येक नवे टर्मिनल उघडताना चालणाऱ्या, फाइलमध्ये रॉसविषयी एकही ओळ असू नये. प्राथमिक धड्यांत सोय म्हणून तीत सोर्सची ओळ टाकायला सांगतात आणि एका वर्कस्पेसपुरते ते ठीकही आहे. पण तिथे सर्वांत वरच्या थराची सेटअप फाइल टाकलेली असताना कोणी खालचा थर बांधला, तर खालच्या थराच्या साखळीत वरचा थर त्याचा पाया म्हणून नोंदला जातो. वरचा खालच्यावर आणि खालचा वरच्यावर असे वर्तुळ मग सुटता सुटत नाही. दुसरा नियम असा की बिल्डचे टर्मिनल आणि चालवण्याचे टर्मिनल वेगळे असावे, आणि बिल्डच्या टर्मिनलमध्ये ज्या थराचे बिल्ड करायचे त्याच्या लगतच्या खालच्या थराची सेटअप फाइल, तेवढी एकच, सोर्स केलेली असावी. रॉसच्या अधिकृत दस्तऐवजातही ओव्हरले (वर चढवलेला थर) सोर्स करण्याआधी नवे टर्मिनल उघडावे असे बजावले आहे. आम्ही पुढे जाऊन प्रत्येक थरासाठी बिल्डची लहान स्क्रिप्ट ठेवली आहे, जी ‘एन्व्ह -आय’ वापरून रिकामे एन्व्हायर्न्मेंट घेते, खालचा थर सोर्स करते आणि मगच कोलकॉनला हाक मारते. हाताने ‘कोलकॉन बिल्ड’ टाइप करण्याची मुभा फक्त सर्वांत वरच्या थरात.

जुन्या लोकांना येथे कॅटकिन टूल्स या बांधणीच्या जुन्या साधनाची आठवण येते आणि ती रास्त आहे. रॉस १ च्या काळात ‘कॅटकिन कॉन्फिग --एक्स्टेंड’ असे लिहून हे वर्कस्पेस कोणत्या वर्कस्पेसवर उभे आहे हे उघडपणे सांगून ठेवता येत असे, मग टर्मिनलमध्ये काहीही असो. रॉस २ मध्ये २०१८ च्या बाउन्सी आवृत्तीपासून कोलकॉन आले. ते रॉसपुरते मर्यादित नाही, सीमेक (सी++ कोड बांधण्याचे साधन) आणि पायथनची साधी पॅकेजेही बांधते, आणि कदाचित म्हणूनच त्याने पाया सांगण्याची जबाबदारी एन्व्हायर्न्मेंटवर सोडली. तत्त्व म्हणून मला ते पटते. व्यवहारात मला ती एक्स्टेंडची ओळ हवी होती. आमच्या स्क्रिप्टा म्हणजे तिचीच गावठी आवृत्ती आहे.

किती थर असावेत, याविषयी माझे मत ठाम आहे: /ऑप्टच्या वर तीन पुरे, आणि चौथा मागणाऱ्याने कारण लेखी द्यावे. थराची सीमा विषयावरून आखण्याचा मोह होतो, म्हणजे दृष्टीचा एक थर, मार्ग आखणीचा एक, नियंत्रणाचा एक. हे दिसायला छान आणि चालवायला त्रासाचे, कारण कोलकॉनला अवलंबित्वाचे भान फक्त एका वर्कस्पेसच्या आत असते. वर्कस्पेसमध्ये एखादे पॅकेज बदलले तर --पॅकेजेस-अबव्ह देऊन त्याच्यावर विसंबणारी सगळी पॅकेजे योग्य क्रमाने बांधून घेता येतात. सीमा ओलांडली की वरच्या वर्कस्पेसमध्ये काय काय पुन्हा बांधायला हवे, हे तुमच्या डोक्यात किंवा भिंतीवरच्या कागदावर राहते. म्हणून सीमा आखावी ती बदलाच्या वेगावरून आणि मालकीवरून. विक्रेत्याने दिलेले ड्रायव्हर महिनोन्महिने बदलत नाहीत; ते खाली. मुळात इतरांचे असलेले, पण आपण ठिगळ लावलेले कोड मध्ये, म्हणजे आपले ठिगळ किती आणि कुठे, हे एका डिरेक्टरीकडे पाहून कळते. आपले रोजचे काम वर. रोज सकाळी जे बांधायचे ते फक्त सर्वांत वरचे, आणि ते काही मिनिटांत व्हावे, हीच या सगळ्या खटाटोपाची मिळकत आहे. नॅव्ह२ संपूर्णपणे सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधायला लावले तर आठ जीबी मेमरीच्या संगणकाची दमछाक होते. --पॅरलल-वर्कर्सने एका वेळची पॅकेजे कमी करावी लागतात, आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण प्रत्येक पॅकेजाच्या आत मेक स्वतंत्रपणे समांतर कामे सुरू करते.

स्वतःच्या संदेशांची पॅकेजे, म्हणजे एमएसजी आणि एसआरव्ही फायली, कुठे ठेवायची हा प्रश्न या हिशेबात नीट बसत नाही. ती बदलतात आपल्या वेगाने, पण त्यांच्यावर ड्रायव्हरही विसंबतात. आम्ही ती ड्रायव्हरांच्या थरात ठेवली आहेत आणि त्यांत बदल करणे मुद्दाम अवघड ठेवले आहे. संदेशात एक फील्ड वाढवले की तिन्ही थर पुन्हा बांधावे लागतात. हंबलमध्ये दोन प्रोग्रॅम एकाच नावाच्या संदेशाच्या दोन वेगवेगळ्या व्याख्या घेऊन बोलू लागले तर ते ओळखण्याची भरवशाची सोय नाही. संदेशप्रकाराचा हॅश (त्याच्या व्याख्येवरून काढलेला ठसा) एकमेकांना कळवण्याची व्यवस्था २०२३ च्या आयर्न आवृत्तीपासून आली.

आता सर्वांत धोक्याचा भाग. खालच्या थरात आधीच असलेले पॅकेज वरच्या थरात बांधू लागलात तर कोलकॉन लांबलचक इशारा देते: ही पॅकेजे खालच्या वर्कस्पेसमध्ये आधीच आहेत, आणि खालच्या थरातले दुसरे कोणी ती वापरत असेल तर तुमची नवी प्रत एपीआय (कोडमध्ये दिसणारी फंक्शने) आणि एबीआय (कंपाइल झालेल्या कोडची अंतर्गत मांडणी) या दोन्ही अंगांनी सुसंगत असली पाहिजे, नाहीतर चालताना काय होईल याची हमी नाही, जोखीम समजली असेल तर --अलाव-ओव्हररायडिंग द्या. बहुतेक जण हा इशारा न वाचता शेवटची ओळ कॉपी करतात, आणि एकदा ती स्क्रिप्टमध्ये गेली की इशारा पुन्हा कधीच दिसत नाही.

इशाऱ्यातला एपीआयचा भाग सर्वांना कळतो, कारण तो कंपाइलर सांगतो. एबीआयचा भाग कसा बोचतो हे आमच्याच गाडीच्या उदाहरणाने दाखवते. नॅव्ह२ मध्ये कंट्रोलर सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम असतो, आणि गाडीचा प्रत्यक्ष वेग ठरवणारा अल्गोरिदम प्लगइन म्हणून, चालू प्रोग्रॅममध्ये लोड होणाऱ्या लायब्ररीच्या रूपात, त्याला जोडला जातो. सर्व्हर आणि प्लगइन यांच्यातला करार नॅव्ह२_कोअर या पॅकेजातल्या कंट्रोलर नावाच्या क्लासमध्ये लिहिलेला आहे. हंबलमध्ये त्यात कॉन्फिगर, क्लीनअप, अ‍ॅक्टिव्हेट, डीअ‍ॅक्टिव्हेट, सेटप्लॅन, कंप्युटव्हेलॉसिटीकमांड्स आणि सेटस्पीडलिमिट ही व्हर्च्युअल फंक्शने आहेत. समजा, गाडीवर माल आहे की ती रिकामी आहे हे प्लगइनला कळावे म्हणून कोणी नॅव्ह२_कोअर वरच्या थरात आणले आणि डीअ‍ॅक्टिव्हेटच्या खाली, सेटप्लॅनच्या वर, एक नवे व्हर्च्युअल फंक्शन घातले. वाचायला ती जागा सर्वांत सुसंगत दिसते. प्लगइन या नव्या हेडरवर (क्लासची घोषणा असलेल्या फाइलवर) कंपाइल झाले, स्वच्छ झाले. कंट्रोलर सर्व्हर मात्र /ऑप्टमधलाच राहिला, कारण त्यात काही बदलायचे नव्हते.

सी++ मध्ये व्हर्च्युअल फंक्शन नावाने शोधले जात नाही. कंपाइलर प्रत्येक क्लाससाठी फंक्शनांच्या पत्त्यांचा एक तक्ता करतो आणि हाक मारताना ‘तक्त्यातला अमुक क्रमांकाचा पत्ता’ एवढेच लिहितो. जुन्या हेडरवर कंपाइल झालेला सर्व्हर सेटप्लॅनचा क्रमांक धरून हाक मारतो आणि नव्या प्लगइनच्या तक्त्यात त्या क्रमांकावर मालाविषयीचे नवे फंक्शन बसलेले असते. वेग विचारण्यासाठी दिलेली हाक सेटप्लॅनला जाऊन पोहोचते. प्रोग्रॅम बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळतो, आणि कोसळला तर ते सुदैव, कारण न कोसळता काहीबाही वेग मोटारींकडे गेला तर समोर रॅक आणि माणसे असतात. बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) दिसणारे फंक्शन आणि प्रत्यक्ष चूक यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नसल्याने शोधणारा माणूस भलत्याच गल्लीत फिरत राहतो.

नवे फंक्शन यादीच्या शेवटी घातले तर जुन्या फंक्शनांचे क्रमांक सरकत नाहीत, म्हणून काही जण ते सुरक्षित समजतात. ते अर्धेच सुरक्षित आहे. जुना सर्व्हर नव्या प्लगइनला नीट हाक मारेल. पण पुढे कोणी सर्व्हरही वरच्या थरात आणून नव्या फंक्शनला हाक मारू लागला आणि पॅरामीटर फाइलमध्ये /ऑप्टमधले, जुन्या हेडरवर बांधलेले प्लगइन निवडले गेले, तर तक्त्याच्या बाहेरचा पत्ता वाचला जाईल. उपाय एकच आहे. असे पायाचे पॅकेज झाकायचे असेल तर त्यावर विसंबणारी, आपण वापरत असलेली सगळी पॅकेजे त्याच थरात सोर्सवरून बांधावीत आणि खालच्या प्रतींना चालू प्रोग्रॅममध्ये शिरकावच मिळू नये. ते नको असेल तर करार बदलू नये. मालाची बातमी एखाद्या टॉपिकवरून (रॉसमधल्या संदेशांच्या वाहिनीवरून) प्लगइनने स्वतः ऐकावी. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि मधल्या थरातले एक पॅकेज त्यामुळे कमी झाले.

हेडरांच्या शोधक्रमाची एक जुनी डोकेदुखी मात्र हंबलपासून बरीच कमी झाली. /ऑप्ट/रॉसमध्ये सगळी पॅकेजे एकाच प्रिफिक्सखाली असतात. पूर्वी त्यांची हेडरेही एकाच इन्क्लूड डिरेक्टरीत असत, त्यामुळे वरच्या थरातले हेडर असूनही एखाद्या तिसऱ्याच पॅकेजाच्या निमित्ताने ती डिरेक्टरी यादीत आधी आली की खालचे जुने हेडर उचलले जाई. हंबलमध्ये रॉसच्या पॅकेजांनी आपापली हेडरे इन्क्लूडखाली स्वतःच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवायला सुरुवात केली. आपली पॅकेजे लिहितानाही तीच रीत पाळावी.

हाच विचार आपल्या इन्स्टॉलच्या मांडणीलाही लागू आहे. कोलकॉन मुळात प्रत्येक पॅकेज वेगळ्या डिरेक्टरीत बसवते. --मर्ज-इन्स्टॉल दिले तर सगळी एकत्र बसतात. वेगळ्या मांडणीत अमेंट_प्रिफिक्स_पाथ लांबच लांब होतो आणि वाचताना डोळे शिणतात, तरी खालच्या दोन थरांसाठी मी तीच पसंत करते, कारण पॅकेज.एक्सएमएलमध्ये अवलंबित्व नोंदवायचे राहून गेले असेल तर ते तिथे उघडे पडते. एकत्र मांडणीत शेजारचे पॅकेज त्याच प्रिफिक्समध्ये असल्यामुळे ते आपसूक सापडते आणि चूक झाकली जाते.

शिळेपणाचे प्रकार थोडक्यात सांगते. सोर्स डिरेक्टरीतून पॅकेज काढून टाकले किंवा त्याचे नाव बदलले, तरी इन्स्टॉलमधली त्याची प्रत कोलकॉन काढत नाही आणि ती खालच्या थरातल्या नव्या प्रतीला झाकत राहते. सीमेकने एकदा शोधलेल्या पॅकेजाचा पत्ता सीमेककॅश या त्याच्या नोंदीच्या फाइलमध्ये राहतो, म्हणून खालचा थर हलवला किंवा नवा घातला तर वरच्या थराला --सीमेक-क्लीन-कॅश द्यावे, किंवा बिल्ड आणि इन्स्टॉल या दोन्ही डिरेक्टरी सरळ उडवून नव्याने बांधावे. फायलींच्या प्रतींऐवजी सोर्स डिरेक्टरीकडे नेणारे दुवे ठेवणारे --सिमलिंक-इन्स्टॉल वरच्या थरासाठी उत्तम आहे, कारण पायथन आणि लाँच फायलींतला बदल पुन्हा न बांधता लागू होतो. पण नवी फाइल घातली तर बिल्ड करावेच लागते, आणि गाडीवर न्यायच्या बिल्डमध्ये हा पर्याय ठेवू नये, नाहीतर सोर्स डिरेक्टरी नसलेल्या गाडीवर तुटलेले दुवे पोहोचतात.

रॉसडेप या, पॅकेजांना लागणारी इतर पॅकेजे बसवणाऱ्या, साधनाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे थर नकळत दुहेरी होतो. ‘रॉसडेप इन्स्टॉल --फ्रॉम-पाथ्स एसआरसी --इग्नोर-एसआरसी’ ही आज्ञा सगळ्यांना पाठ असते. त्यातल्या --इग्नोर-एसआरसीचा अर्थ बरेच जण ‘या सोर्स डिरेक्टरीत असलेली पॅकेजे सोडून दे’ एवढाच घेतात. प्रत्यक्षात ते अमेंट_प्रिफिक्स_पाथमध्ये सापडणारी पॅकेजेही सोडून देते. म्हणून ही आज्ञा खालचा थर सोर्स न करता वरच्या थरात चालवली, तर खालच्या थरात सोर्सवरून बांधलेली नॅव्ह२ ची पॅकेजे रॉसडेपला दिसत नाहीत आणि ही आज्ञा एपीटीवरून मूळ प्रती आणून /ऑप्टमध्ये बसवते. त्यानंतर मधला थर गळाला तरी सगळे चालू राहते. वर सांगितलेल्या भिवंडीच्या गाडीवर मूळ पॅकेज /ऑप्टमध्ये आले कसे, याचे उत्तर मला एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये याच आज्ञेच्या रूपात मिळाले.

गोदामात बिल्ड करण्याची वेळच येऊ नये म्हणून आता आम्ही महाप्यात डॉकरच्या इमेज (सॉफ्टवेअर सगळ्या थरांसह बंद केलेली गाठोडी; ती चालू झाली की तिला कंटेनर म्हणतात) बांधतो. पत्र्याच्या प्रशस्त शेडमध्ये मोबाइलचे नेटवर्क कसे असते, हे भिवंडीत काम केलेल्यांना सांगायला नको. कित्येकदा इमेज एसएसडीवर घालून शीळफाट्याच्या वाहतुकीतून माणसाबरोबर पाठवणेच लवकर होते. डॉकरफाइलमध्ये प्रत्येक वर्कस्पेस स्वतंत्र टप्प्यात बांधल्यामुळे डॉकरचे थर आणि आमचे थर एकास एक जुळतात आणि नेहमीच्या बदलात फक्त सर्वांत वरचा, लहान थर पाठवावा लागतो. येथे एक पथ्य आहे: सेटअप फाइलमध्ये खालच्या थरांचे पूर्ण पत्ते लिहिलेले असल्याने, बांधण्याच्या टप्प्यातला पत्ता आणि चालवण्याच्या टप्प्यातला पत्ता अक्षरशः एकच असला पाहिजे. एका ठिकाणी बांधून दुसऱ्या डिरेक्टरीत कॉपी केलेले वर्कस्पेस वरवर चालते आणि साखळीपाशी अडते. प्रत्येक थरात कोणत्या रेपोचे कोणते कमिट होते, हे ‘व्हीसीएस एक्स्पोर्ट --एक्झॅक्ट’ने काढलेल्या .रेपोज फाइलमध्ये त्या इमेजबरोबरच ठेवले जाते, आणि कंटेनर सुरू होताना मधल्या थरातल्या प्रत्येक पॅकेजाचा प्रिफिक्स तपासला जातो. एकाचाही पत्ता /ऑप्टचा निघाला तर गाडी सुरूच होत नाही.

हंबलचा आधार मे २०२७ मध्ये संपतो, त्यामुळे जॅझीकडे जाण्याची तयारी सुरू केली आहे. २०२४ ची ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर आहे, म्हणजे एका संगणकावर दोन्ही उतरंडी शेजारी मांडण्याचा मोह आपोआपच टळतो. कंटेनर वेगळे ठेवावे लागतात. तरीही होम डिरेक्टरी दोन्ही कंटेनरांत सामाईक ठेवली की एखादा जण जॅझीच्या कंटेनरमध्ये हंबलच्या काळात बांधलेले वर्कस्पेस सोर्स करतोच, आणि रॉस_डिस्ट्रो (रॉसची आवृत्ती सांगणारे व्हेरिएबल) आधी वेगळा होता असा इशारा पडद्यावर येतो. तो दिसला की टर्मिनल बंद करावे. त्यातून पुढे काही वाचवण्यासारखे नसते. ड्रायव्हरांचा थर जॅझीवर बांधून झाला आहे. वरचा थर अर्धा झाला आहे. मधला थर मी सध्या मुद्दाम रिकामा ठेवला आहे: हंबलवर लावलेली ठिगळे सरसकट पुढे न नेता, मूळ नॅव्ह२ घेऊन गाडी कार्यशाळेत चालवायची, आणि जिथे ती खरोखर अडेल तेवढ्याच पॅकेजाला त्या थरात जागा द्यायची, असे ठरले आहे.